व्हिंटेज पोर्ट भागीदारीत घेताना: वाचकांचे प्रश्न

व्हिंटेज पोर्ट म्हणजे पोर्तुगालची, एकाच निवडक सालाच्या द्राक्षांची, स्पिरिट घालून केलेली गोड वाईन. तिच्याबद्दल वाचक विचारतात त्यातले बरेच प्रश्न शेवटी एकाच अडचणीपाशी येतात. एकट्याने पेट्या घेणं परवडत नाही, मग काही जणांनी मिळून घेऊन वाटून घ्याव्यात का? जरूर घ्याव्यात. पण कोणाच्या वाट्याला काय येणार, माल कोणाच्या नावावर आणि कुठे राहणार, मध्येच कोणी बाहेर पडला तर काय करायचं, हे पैसे गोळा करण्याआधी ठरलेलं हवं. ही पोर्ट वीस-तीस वर्षं मुरत ठेवायची असते. इतक्या काळात माणसं घरं बदलतात, देश बदलतात, आणि तोंडी ठरलेलं कोणाच्याच नीट लक्षात राहत नाही.

प्रश्न: आम्ही सहा जण आहोत. प्रत्येकाला निरनिराळ्या घराण्यांच्या, म्हणजे पोर्ट बनवणाऱ्या कंपन्यांच्या, बाटल्या हव्यात, पण व्यापारी सहा बाटल्यांची अख्खी पेटीच देतो. वाटणी कशी करावी?

सहा घराण्यांची एकेक पेटी घ्या. प्रत्येकाला प्रत्येक घराण्याची एक बाटली मिळते आणि घराण्या-घराण्यांच्या किमतीत कितीही फरक असला तरी सगळ्यांचा खर्च सारखाच येतो. व्यवहारासाठी ही रचना उत्तम आहे.

चवीच्या दृष्टीने मात्र मला ती अपुरी वाटते. एकच बाटली असली की ती कधी उघडावी, या विचारातच वर्षं जातात आणि उघडली की ती पोर्ट पुढे कशी झाली असती हे कधीच कळत नाही. म्हणून तिघांनी मिळून तीन-चार घराण्यांची एकेक पेटी घ्यावी, म्हणजे प्रत्येकाकडे प्रत्येकी दोन बाटल्या येतात. एक साधारण पंधरा वर्षांची झाल्यावर उघडायची, दुसरी तिशीला. सहा जणांचाच गट हवा असेल, तर निदान सगळ्यांच्या आवडीच्या एका घराण्याच्या दोन पेट्या घ्या.

निवड करताना नावांच्या मागे कोण आहे तेही पाहा. ग्रॅहम, डाऊ, वॉर आणि कॉकबर्न ही चारही सिमिंग्टन कुटुंबाकडे आहेत. टेलर, फोन्सेका आणि क्रॉफ्ट फ्लॅडगेट समूहाकडे. पण मालक एक आहे एवढ्याने त्यांची पोर्ट एकसारखी होत नाही, प्रत्येकाचे मळे आणि धाटणी वेगळी आहे. डाऊ तुलनेने कोरडी, म्हणजे कमी गोड, ग्रॅहम गोडसर आणि भरदार, टेलर तरुणपणी करकरीत, फोन्सेकात फळांचा स्वाद भरभरून. तरी दोन्ही समूहांतली एक-दोन नावं आणि त्यांच्याबाहेरचं किंता दु नोव्हाल किंवा नीपोर्ट अशी पेटी जमली, तर पोर्ट जिथे बनते त्या दोऊरू खोऱ्याचं चित्र जास्त पूर्ण होतं.

प्रश्न: एकाच सालातली अनेक घराणी घ्यावीत की एकाच घराण्याची अनेक सालं?

पहिल्या खरेदीला एकच साल घ्या. हवामान सगळ्यांना जवळपास सारखंच मिळालेलं असतं, त्यामुळे चवीतला फरक घराण्याचा आणि मळ्यांचा आहे हे ओळखता येतं.

एक अडचण मात्र आधीच ध्यानात ठेवा. व्हिंटेज पोर्ट दरवर्षी निघत नाही. पीक त्या तोडीचं आहे असं वाटलं तरच घराणं ते साल जाहीर करतं, दहा वर्षांत साधारण तीनदा. आणि सगळ्यांचं एकमत होतंच असं नाही. सिमिंग्टनांच्या घराण्यांनी १९९१ जाहीर केलं, तर टेलर आणि फोन्सेका यांनी १९९२. त्यामुळे १९९१ ची सगळी मोठी नावं एका पेटीत आणायला निघालात तर ती मिळणार नाहीत. १९९४, २०००, २००३, २००७, २०११, २०१६ आणि २०१७ या सालांत तो प्रश्न येत नाही. २०१६ आणि २०१७ अशी सलग दोन वर्षं बहुतेक घराण्यांनी जाहीर करणं फार दुर्मिळ आहे. मुरवायलाच घ्यायची असेल तर माझी पसंती २०११ ला. फळ, टॅनिन (द्राक्षांच्या सालीतून येणारा तुरटपणा) आणि ताजेपणा यांचा असा मेळ क्वचित जमतो.

प्रश्न: गटातल्या एकाकडे मोठं कपाट आहे. सगळ्यांच्या बाटल्या तिथेच ठेवल्या तर चालेल का?

नाही, असंच माझं मत आहे, आणि कारण केवळ तापमानाचं नाही.

तापमानाचं आधी सांगतो. बारा ते चौदा अंश सेल्सियस, शक्यतो वर्षभर स्थिर, अंधार आणि हवेत पुरेसा ओलावा, म्हणजे बूच सुकत नाही. द्राक्षरसाचं आंबणं अर्ध्यावर असताना त्यात स्पिरिट घालून थांबवलेलं असतं. त्यामुळे मद्यार्क वीस टक्क्यांच्या आसपास असतो आणि साखरही भरपूर उरते. म्हणून पोर्ट साध्या वाईनपेक्षा काटक आहे. पण उष्णतेने ती घाईने म्हातारी होते, आणि तापमान सतत वर-खाली झालं की बूच हलून गळती सुरू होते. बाटल्या आडव्या ठेवायच्या. अनेक बाटल्यांवर पांढऱ्या रंगाचा एक फटकारा असतो. ती बाजू वर ठेवायची. साका, म्हणजे बाटलीत बसणारा गाळ, विरुद्ध बाजूला धरतो, आणि बाटली हलवावी लागली तरी पुन्हा तशीच ठेवता येते.

आता माझा मुख्य आक्षेप. एका माणसाच्या घरातल्या वस्तू त्याच्याच मालकीच्या समजल्या जातात. तो कर्जात बुडाला, वारला किंवा घरात आग लागली, तर उरलेल्या पाच जणांनी आपला हक्क कसा सिद्ध करायचा? मैत्री कितीही घट्ट असली तरी त्याच्या वारसांना तुमच्यात काय ठरलं होतं हे माहीत नसतं. त्यामुळे वाईन साठवणाऱ्या व्यावसायिक गोदामात ठेवा आणि प्रत्येकाच्या वाट्याची नोंद त्याच्या स्वतःच्या नावावर करून घ्या. गोदामाच्या किंवा व्यापाऱ्याच्या मालापासून तुमचा माल वेगळा नोंदलेला आहे का, विमा आजच्या बाजारभावाने आहे की खरेदीच्या किमतीने, हे लेखी विचारा. बंधपत्रित (बॉन्डेड) गोदामात माल असेपर्यंत कर भरावा लागत नाही ही मोठी सोय आहे. मात्र पेटी फोडून द्यायला अनेक गोदामं तयार नसतात. तेव्हा वाटणी आत होईल की कर भरून बाहेर काढल्यावर, हे आधी ठरवा.

आणखी एक गोष्ट. गटासाठी पैसे गोळा करणाऱ्याने वर एक पैसाही नफा ठेवू नये. अनेक देशांत परवान्याशिवाय मद्य विकणं गुन्हा आहे. फक्त खर्च वाटून घेतला तरी स्थानिक कायदा एकदा तपासा.

प्रश्न: एक जण मध्येच बाहेर पडला, किंवा एखादी बाटली खराब निघाली तर?

बाहेर पडणाऱ्याचा वाटा आधी गटातल्यांना द्यायचा, किंमत त्या दिवशीच्या लिलावांतल्या भावावरून ठरवायची आणि हे कागदावर लिहून ठेवायचं. बाजारात अखंड लाकडी पेटीला सुट्या बाटल्यांपेक्षा चांगला भाव येतो. मिश्र पेटी पिण्यासाठी घ्यावी, गुंतवणुकीसाठी नव्हे. वाटणीच्या दिवशी सगळ्यांनी मिळून बाटल्यांतल्या पोर्टची पातळी, बूच आणि मानेवरचा पोर्तुगीज हमीशिक्का बघावा. त्या दिवशी दिसलेला दोष सगळ्यांचा, नंतरचा ज्याचा त्याचा.

प्रश्न: पेटीत टॉनी किंवा एल.बी.व्ही. (लेट बॉटल्ड व्हिंटेज) या प्रकारांची पोर्ट घातली तर?

मुरवण्याच्या पेटीत नको. टॉनी पिंपातच मुरून येते, बाटलीत सुधारत नाही. एल.बी.व्ही. चार ते सहा वर्षं लाकडात राहिलेली असते. न गाळलेली असेल तर काही वर्षं टिकते, पण तिला वेगळं ठेवा आणि लवकर प्या.

प्रश्न: मुलीचा जन्म २०१३ चा. त्या सालाची पोर्ट मिळेल?

२०१३ सर्वसाधारणपणे जाहीर झालं नाही. अशा वर्षी काही घराणी एकाच मळ्याची व्हिंटेज काढतात, तिचा शोध घ्या. दुसरा चांगला पर्याय कोल्येइता, म्हणजे एकाच सालाची, किमान सात वर्षं लाकडात मुरलेली टॉनी. बाटलीत भरली की ती प्यायला तयार असते.

प्रश्न: बाटली उघडायची वेळ आली की गटाने काय करावं?

एकत्र बसावं. व्हिंटेज पोर्ट खरंच भागीदारीचं पेय आहे असं मला मनापासून वाटतं. ७५० मिलिलीटरमधून आठ-दहा छोटे पेले निघतात, ते दोघांना एका बैठकीत संपवणं जड जातं. आणि जुनी पोर्ट उघडल्यावर एक-दोन दिवसांतच उतरते. तरुण असेल तर थोडी जास्त टिकते. त्यामुळे खरेदीच्या वेळीच एक पेटी सामाईक ठेवा, तिच्यातली बाटली दर काही वर्षांनी सगळ्यांच्या उपस्थितीत उघडा आणि चवीची नोंद करा. आपापल्या वाट्याची केव्हा काढावी हे त्यावरून कळेल.

बाटली एक-दोन दिवस आधी उभी करा. जुनं बूच तुटतं, त्याला घाईने ओढू नका. मानेखाली दिवा धरून एका सलग धारेत दुसऱ्या भांड्यात ओता आणि साका मानेशी आला की थांबा. खाली उरलेलं मलमलीच्या स्वच्छ कापडातून गाळून घेता येतं. तरुण पोर्टला ओतल्यावर तीन-चार तास द्या, चाळिशी ओलांडलेलीला तासाभरात पेल्यात घ्या.