एस्टोनियन शिकतोयस ना, मग 'तुब्ली' आधी पक्का कर

अरे डिक्शनरीत 'तुब्ली' समोर नुसतं 'चांगला' दिसेल पण तेवढ्यावर जाऊ नकोस, साध्या चांगल्याला 'हेआ' आहे, म्हणजे कॉफी 'हेआ' असते, तुब्ली नसते. तुब्ली म्हणजे कष्टाळू, गुणी, नेटाने काम करणारा असं सगळं मिळून. पोरानं ताट रिकामं केलं, कुत्रा सांगितल्यावर बसला, मैत्रीण परीक्षा पास झाली, सगळ्यांना 'ओलेद तुब्ली!', थोडक्यात आपलं शाब्बास. फक्त बॉसला किंवा वयाने मोठ्या माणसाला म्हणताना जरा जपून हां, पाठ थोपटल्यासारखं वाटू शकतं. निरोप घेताना 'ओले तुब्ली' म्हणतात, तिथे अर्थ 'नीट राहा'. आणि 'तुब्ली तुंद' ऐकलंस तर गोंधळू नकोस, तो गुणी तास नाही, चांगला तासभर, म्हणजे तासाहून थोडा जास्तच.

ग्रामरचं म्हणशील तर लिंगाची भानगडच नाही, मुलगा मुलगी दोघांना तुब्ली, आपल्या चांगला-चांगली-चांगलंपेक्षा केवढं सोपं! पण खुश होऊ नकोस, विभक्त्या 14 आहेत आणि विशेषणालाही प्रत्यय लागतात, 'गुणी मुलाला' म्हणजे 'तुब्लिले लाप्सेले'. शेवटच्या चार विभक्त्यांत मात्र सूट, 'गुणी मुलासोबत' म्हणजे 'तुब्ली लाप्सेगा', प्रत्यय फक्त नामाला. आणि हो, तो 'ब' आपल्यासारखा घोषवून म्हणू नकोस, 'प'कडे झुकू दे, जोर पहिल्या अक्षरावर.