झाशीची राणी आणि जिजाऊ सोडून मुलीला कोणती धाडसी बाई करावी?

तुम्ही लिहिलंय की मुलगी चौथीत आहे, शाळेत वेशभूषा स्पर्धा आहे, वर्गात आधीच चार लक्ष्मीबाई आणि तीन जिजाऊ ठरल्यात, तर इतिहासातली वेगळी, धीट बाई सुचवा. मी एकच नाव देते: डॉक्टर रखमाबाई. घोडा नाही, तलवार नाही, तरी हीच.

लक्ष्मीबाई मीही झाले होते. चौथीतच. पुठ्ठ्याची तलवार, पाठीला बांधलेली बाहुली, आणि भाषण थोरल्या काकांनी बसवून घेतलेलं. काका कराडजवळ एका शाळेत इतिहास शिकवायचे. "माझी झाशी देणार नाही" म्हणताना पाय कसा आपटायचा हे त्यांनी अंगणात मला पंधरा-वीसदा करून दाखवलं. पहिला नंबर आला, स्टीलचा डबा मिळाला. तो अजून वापरात आहे.

त्याच काकांनी 2009 साली मला समोर बसवून सांगितलं, "आता गपगुमान नांदायला जा."

मी तेव्हा आठ महिने माहेरी होते. का आले होते ते इथे लिहीत नाही. एके दिवशी रजिस्टरने कागद आला, कलम 9 चा दावा. बायको सबळ कारण नसताना घर सोडून गेली आहे, तिला नांदायला येण्याचा हुकूम व्हावा, अशी मागणी. आईने तो कागद देवघरात नेऊन ठेवला, दुसरीकडे कुठे ठेवावा ते तिला कळेना. काकांनी बैठक बोलावली. तिकडची चार माणसं, इकडची पाच. त्यांना पोहे मीच दिले.

बैठकीच्या दोन दिवस आधी मी वकीलबाईंना भेटून आले होते. कागद वाचून त्या म्हणाल्या, "रखमाबाईचं नाव ऐकलंयस? हाच दावा तिच्यावर लागला होता." मी ऐकलेलं नव्हतं. बी.ए. इतिहास घेऊन केलेलं, तरी नव्हतं. त्यांनी तिथंच बसवून सगळं सांगितलं, पुढे मीही शोधून शोधून वाचलं.

रखमाबाईचा जन्म 1864 चा, मुंबईतला. वडील लवकर गेले. आई जयंतीबाईंनी डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. अकराव्या वर्षी रखमाबाईचं दादाजी भिकाजीशी लग्न लावलं, पण ती त्याच्या घरी नांदायला कधी गेलीच नाही. सावत्र वडिलांच्या घरी राहून वाचत राहिली, शिकत राहिली. 1884 मध्ये दादाजीने मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल तिच्या बाजूने दिला. बाई कधी नांदलीच नाही, तर तिला परत कुठे पाठवायचं, आणि असा दावा मुळात इंग्रजी कायद्यातून आलाय, हिंदू धर्मशास्त्रात त्याला आधार नाही, हे त्यांचं म्हणणं. यावर गहजब झाला. अपील झालं, खटला पुन्हा चालला आणि मार्च 1887 मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात.

तिने सांगितलं, तुरुंगात जाईन.

टिळकांनी 'केसरी'तून तिच्याविरुद्ध लिहिलं. टिळकांबद्दल माझ्या मनात आदर आहे, पण इथे ते चुकले होते, साफ चुकले होते. 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'एक हिंदू स्त्री' या नावाने बालविवाहाबद्दल पत्रं लिहिणारी हीच बाई होती, तेव्हा राग नुसत्या खटल्याचा नव्हता.

बैठकीत मी हे नाव घेतलं. हात थरथरत होते, तरी घेतलं. काकांना रखमाबाई माहीत होती! चांगली माहीत होती. ते म्हणाले, "अगं, तिने तरी काय मिळवलं? शेवटी पैसे टाकूनच सुटली ना? आणि जन्मभर एकटीच राहिली."

मला उत्तर आलं नाही. रडू आलं, आणि रडण्याचा अर्थ सगळ्यांनी 'पोरगी ऐकतेय' असा घेतला. पंधरा वर्षं ते मनात आहे. काका आता नाहीत, म्हणून तुमच्या प्रश्नाखाली लिहिते.

पैसे टाकून सुटली हे खरं आहे. 1888 मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. (राणी व्हिक्टोरियाने तिचं लग्न मोडलं अशी गोष्ट फिरते, ती भाषणात घालू नका.) मीही पाटल्या आणि गंठण तिकडेच सोडलं तेव्हा अडीच वर्षांनी सुटले. त्यात कमीपणा कसला? आणि काय मिळवलं? 1889 मध्ये ती लंडनला डॉक्टरकी शिकायला गेली, शिकून परत आली आणि सुरत, मग राजकोट इथे बायकांच्या दवाखान्यांत तीन दशकांहून जास्त काम केलं. जिथे बाळंतपणाला पुरुष डॉक्टर चालत नव्हता, तिथे हिच्या हाताखाली किती बाया सुखरूप सुटल्या असतील, काका? 1891 मध्ये संमतिवयाची, म्हणजे ज्या वयाआधी मुलीशी शरीरसंबंध हा गुन्हा ठरतो त्या वयाची, मर्यादा दहावरून बारा झाली, त्यामागच्या वादातही हा खटला होताच.

एक तारीख मात्र मला अजून बोचते. कलम 9 ज्या हिंदू विवाह कायद्यात आहे, तो मे 1955 चा. रखमाबाई गेल्या सप्टेंबर 1955 मध्ये. ज्या दाव्याशी त्या लढल्या, तो त्यांच्या डोळ्यांदेखत पुन्हा कायद्यात लिहिला गेला. आजही आहे. तुरुंग तेवढा उरलेला नाही. कोर्टाच्या हुकमाने कुणी हाताला धरून नेऊ शकत नाही, पण मालमत्तेवर जप्ती येऊ शकते, आणि वर्षभर नांदणं झालं नाही तर तेच घटस्फोटाला कारण होतं. तुमच्या ओळखीत कुणाला असा कागद आला तर बैठकीआधी वकील गाठा. देवघरात ठेवू नका.

हेही सांगायला हवं की रखमाबाईच्या पाठीशी डॉक्टर वडील होते, मुंबईत काम करणाऱ्या इंग्रज डॉक्टरबाई एडिथ पेची यांच्यासारखी माणसं होती, इंग्रजी येत होतं. प्रत्येकीला ते नसतं. आणि कलम 9 चा प्रत्येक दावा वाईट हेतूनेच लागतो असंही नाही, नवऱ्याने घराबाहेर काढलेल्या काही बायकाही तो लावतात. लक्ष्मीबाई करू नका असंही मी म्हणत नाही.

वेशाचं विचारलंत तर साधी साडी, अंगभर पदर, केस मागे बांधलेले, हातात घडी केलेला कागद. गळ्यात स्टेथोस्कोप घातलात तर परीक्षकांना आनंदीबाई जोशी वाटेल, म्हणून तो टाळा आणि नाव पहिल्याच वाक्यात घ्यायला लावा. नवराबायकोचं फार खोलात नको, "मला विचारून लग्न लावलं नव्हतं, म्हणून मी गेले नाही" एवढं त्या वयाला कळतं. चौथीतली म्हणजे तुमची मुलगी नऊ-दहा वर्षांची. लग्न लागलं तेव्हा रखमाबाई हिच्याहून एखाद-दोन वर्षांनीच मोठी होती. नावानंतर लगेच तेच सांगू द्या.