नर-मादी उंदरांवर फ्लूचा पहिला प्रयोग करताय?

घाबरू नका, पहिल्यांदा सगळ्यांचेच हात थरथरतात.

आधी एक गैरसमज काढून टाका: 'मादीची प्रतिकारशक्ती भारी, म्हणजे ती वाचणार.' विषाणू बदलला की चित्र उलटतं. सी५७ब्लॅक६ या प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या जातीत इन्फ्लुएन्झा ए (फ्लूचा विषाणू) दिला, तर साधारणपणे माद्याच जास्त आजारी पडतात. फुप्फुसातला दाह जास्त भडकतो. उंदरांत रुळवलेल्या २००३ च्या सार्स विषाणूने मात्र नर जास्त दगावले आणि अंडाशय काढलेल्या माद्यांचं संरक्षणही गेलं. तेव्हा निष्कर्ष आधीच ठरवून बसू नका.

नेहमीच्या चुका:

- वजनातली घट ग्रॅममध्ये मोजणं. नर मुळातच जड असतो. पहिल्या दिवसाच्या वजनाची टक्केवारी काढा.
- सगळे नर एका पिंजऱ्यात, सगळ्या माद्या दुसऱ्यात. मग फरक लिंगाचा की पिंजऱ्याचा? दोन्हींचे अनेक पिंजरे ठेवा. अनोळखी नर एकत्र कोंबू नका, भांडून एकमेकांना फाडतात.
- सगळ्यात मोठी: 'माद्यांत पी-मूल्य (खरा फरक नसतानाही इतका फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.०५ च्या खाली, नरांत वर, म्हणजे लिंगभेद सिद्ध.' अजिबात नाही! लिंग आणि संसर्ग यांची आंतरक्रिया, म्हणजे संसर्गाचा परिणाम लिंगानुसार बदलतो का, हे एकाच विश्लेषणात तपासावं लागतं. मलाही हे उशिराच कळलं.

वय सारखं ठेवा, संसर्ग न दिलेले नर-मादी दोन्ही हवेत. मादीच्या ऋतुचक्राचा टप्पा ओळखायला योनीतल्या पेशींचे रोजचे नमुने (स्मिअर), हार्मोनचे प्रयोग वगैरे नंतर बघू.

आणि वजन किती घटलं की उंदराला वेदनेतून सोडवायचं, तो आकडा नैतिकता समितीच्या अर्जातच लिहा.