पेन्सिलची फुली

कंपनी, बँक आणि पतसंस्थांच्या कारभाराबद्दल वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांना आमच्या सांगलीच्या सदरलेखिका उत्तरं देतात. त्या निवृत्त कंपनी सेक्रेटरी आहेत.

प्रश्न : ताई, आमची कंपनी कुपवाड एमआयडीसीत आहे. सासऱ्यांनी एका शेडमध्ये सुरू केली, आता पब्लिक लिमिटेड आहे. गेल्या मार्चच्या ताळेबंदात उलाढाल 300 कोटींच्या पुढं गेली आणि सीएंनी सांगितलं, बोर्डावर एक महिला संचालक घ्यावीच लागेल. रविवारी जेवताना माझं नाव ठरलं. मी बीकॉम आहे, लग्नाआधी दोन वर्षं ऑडिटच्या ऑफिसात काम केलंय. मिस्टर म्हणतात, "तुला काही करायचं नाही, सही तेवढी कर." करू का?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : संचालक जरूर व्हा. सही मात्र वाचल्याशिवाय करू नका. असं का म्हणते, ते आधी सांगते.

1990च्या दशकात मी एका कारखान्यात कंपनी सेक्रेटरी होते. बोर्डावर सात जण, त्यात एकच बाई, मालकांच्या थोरल्या भावाची पत्नी. सगळे त्यांना काकी म्हणायचे. काकी मीटिंगला कधीच आल्या नाहीत. मीटिंग झाली की मी कागद तयार करायची, जिथं सही हवी तिथं पेन्सिलनं बारीक फुली मारायची आणि फाईल शिपायाबरोबर त्यांच्या घरी पाठवायची. अर्ध्या तासात फाईल परत. प्रत्येक फुलीपुढं सही झालेली असायची, आणि वर माझ्यासाठी रुमालात गुंडाळलेली शेंगापोळी.

पुढं कारखाना अडचणीत आला, कर्ज थकलं आणि बँकेची नोटीस काकींच्या नावानं घरी गेली. त्या रिक्षा करून ऑफिसात आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. "अगं, मी कधी घेतलं हे कर्ज?" एवढंच विचारलं त्यांनी. मी हमीपत्राची आमच्याकडची प्रत काढली. सही त्यांचीच होती. शेजारी माझी फुली तशीच होती, खोडायची राहून गेलेली. शेवटी त्यांना राहतं घर विकून बँकेशी तडजोड करावी लागली.

त्या कागदाचा अर्थ मला माहीत होता. त्यांच्या घरी जाऊन तो वाचून दाखवायला मला पंधरा मिनिटं लागली असती. मी एकदाही गेले नाही.

आता तुमच्याबद्दल. सीएंनी सांगितलेला नियम बरोबर आहे. 2013च्या कंपनी कायद्याचं कलम 149 आणि त्याखालचे 2014चे नियम यांनुसार शेअर बाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीला निदान एक महिला संचालक लागते. नोंद नसलेली पब्लिक कंपनी असेल, तर भरणा झालेलं भांडवल 100 कोटी किंवा उलाढाल 300 कोटी झाली की तोच नियम. ती बाई घरची नको, असं त्यात कुठं म्हटलेलं नाही. बाजारातल्या कंपन्यांना सेबीनं, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेनं, 1 एप्रिल 2015ची मुदत दिली तेव्हा शेवटच्या आठवड्यांत नावं शोधायची धावपळ झाली आणि बऱ्याच ठिकाणी मालकांच्या घरातलीच नावं आली. म्हणून पुढं सेबीनं बाजारमूल्यानं पहिल्या 500 कंपन्यांना 1 एप्रिल 2019 पासून आणि पहिल्या 1000 कंपन्यांना 1 एप्रिल 2020 पासून स्वतंत्र महिला संचालक सक्तीची केली. स्वतंत्र म्हणजे प्रवर्तकांच्या, म्हणजे कंपनी उभारणाऱ्या मालकांच्या, नात्यातली नसलेली आणि कंपनीशी पैशांचे व्यवहार नसलेली. तुमची कंपनी त्या यादीत नाही, म्हणून कायद्याला तुम्ही चालता. माझ्या मते तुम्ही नुसत्या चालण्यापेक्षा पुष्कळ जास्त उपयोगाच्या आहात. ज्या बाईनं दोन वर्षं ऑडिटच्या ऑफिसात व्हाउचर तपासलेत, तिला ताळेबंदात काय लपतं ते बोर्डावरच्या निम्म्या लोकांपेक्षा लवकर कळतं.

संचालकाला कंपनीची हिशेबाची पुस्तकं बघायचा हक्क आहे, कलम 128 मध्ये तसं लिहिलेलं आहे. तेव्हा पहिल्या मीटिंगच्या आधी पीएफ, टीडीएस आणि जीएसटीची चलनं मागा. वेळेवर भरलेली असतील तर पुढचं निम्मं काम सोपं. मीटिंगची नोटीस सात दिवस आधी यायला हवी, वर्षाला निदान चार मीटिंग व्हायला हव्यात. प्रत्यक्ष जमलं नाही तर व्हिडिओवरून बसता येतं, पण बसा. सलग बारा महिन्यांतल्या सगळ्या मीटिंग चुकल्या तर संचालकपद आपोआप रिकामं होतं, रजेचा अर्ज दिला असला तरीही. मिनिट्सचा, म्हणजे मीटिंगच्या लेखी नोंदीचा, मसुदा पंधरा दिवसांत तुमच्याकडं यावा लागतो आणि त्यावर दुरुस्ती सुचवायला सात दिवस मिळतात. एखादा ठराव पटला नाही तर "माझा विरोध नावानिशी नोंदवा" असं तिथंच सांगा. घरातल्या माणसांपुढं हे जड जातं, मला माहीत आहे. तरी सांगा. उद्या काही झालं तर तुम्ही तिथं होतात आणि काय म्हणालात, हे त्या एका ओळीवरून ठरतं.

हमीचा कागद वेगळा. संचालकाची सही आणि जामीनदाराची सही या दोन निरनिराळ्या सह्या आहेत. कंपनीचं कर्ज कंपनीचं असतं, पण वैयक्तिक हमी दिली की कर्जदाराइतकीच जबाबदारी तुमच्यावर येते आणि बँक सरळ तुमच्या फ्लॅटपर्यंत येऊ शकते. कौटुंबिक कंपन्यांत बँका सगळ्या संचालकांची हमी मागतात आणि तो कागद बाकीच्या गठ्ठ्यात मिसळून येतो. काकींचा तसाच आला होता. तो बाजूला काढा, आणि सही करायचीच वेळ आली तर कंपनीच्या नव्हे, तुमच्या स्वतःच्या वकिलाला दाखवा.

आणखी एक. कंपनीनं तीन वर्षं ओळीनं हिशेबपत्रकं किंवा वार्षिक विवरणपत्रं दाखल केली नाहीत, तर तिचे संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात, तेही सगळ्याच कंपन्यांत. 2017 मध्ये सरकारनं या कारणानं देशभरात तीन लाखांहून जास्त संचालक अपात्र ठरवले. तेव्हा दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला विवरणपत्रं गेली का, एवढं विचारत जा.

मीटिंगचा भत्ताही घ्या. महिला संचालकाचा भत्ता इतर संचालकांपेक्षा कमी असू नये, असं नियमातच आहे. घरचीच कंपनी म्हणून सोडून देऊ नका, तुमच्या नावाच्या खात्यात जमा करून घ्या.

मिस्टरांना हे वाचायला द्या. ते वाईट हेतूनं बोलले असं मला वाटत नाही. काकींच्या दिरांचाही हेतू वाईट नव्हता.

प्रश्न : सुट्या भागांच्या कारखान्यात मी 18 वर्षं आहे, गेली सात वर्षं क्वालिटी हेड. प्लँट हेडची जागा रिकामी झाली. ती माझ्या सहा वर्षं मागून आलेल्या सहकाऱ्याला दिली आणि मला एचआर हेड केलं जातंय. पगार वाढतोय, केबिन मिळतेय. साहेब म्हणाले, "मॅडम, रात्री दोनला लाइन बंद पडली तर कोण येणार?" पद घेऊ का?
– एक इंजिनिअर, शिरवळ

उत्तर : माझं मत, नको. एचआरचं काम कमी प्रतीचं नाही. पण कारखान्याचा मोठा अधिकारी निवडताना वरचे लोक बघतात ते उत्पादनाचा खर्च, डिलिव्हरी आणि नफा-तोटा कुणाच्या हाताखाली होता ते. कर्तबगार बायकांना एचआर, जनसंपर्क, सीएसआर (कंपनीची समाजकार्यं) अशा बाजूच्या खोल्या मिळत जातात आणि दहा वर्षांनी तेच लोक म्हणतात, योग्य बाईच मिळत नाही. अरुंधती भट्टाचार्य 2013 मध्ये स्टेट बँकेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या, त्याआधी त्या त्याच बँकेच्या मुख्य वित्त अधिकारी होत्या, एसबीआय कॅपिटल मार्केट्सही त्यांनी सांभाळली होती. पैशाची सूत्रं हातात राहतील अशा खुर्च्यांवरून त्या वर गेल्या.

साहेबांच्या प्रश्नाचं उत्तर कारखान्याच्या गेटवर आहे. ग्राहकाकडून माल परत आला, लॉट अडकला, तेव्हा तुम्ही रात्री किती वेळा आलात? सात वर्षं क्वालिटी सांभाळणारी बाई रात्री आली नाही, हे शक्यच नाही. सिक्युरिटीच्या रजिस्टरमधून त्या नोंदी तारखेनिशी काढा. रिजेक्शन तुम्ही आलात तेव्हा किती होतं आणि आज किती आहे, तेही त्याच कागदावर लिहा आणि लेखी विनंती करा, की एचआरऐवजी एका लाइनची किंवा दुसऱ्या छोट्या युनिटची खर्चासकट पूर्ण जबाबदारी द्या. तोंडी बोलू नका. तोंडी बोललेलं "मॅडम नाराज आहेत" एवढ्यावर संपतं. लेखी अर्ज आला की कुणाला तरी त्याचं कारण देऊन उत्तर द्यावं लागतं.

नकार आला तर पुणे-सातारा रस्त्यावर कारखाने पुष्कळ आहेत. तुमचा अनुभव दुसऱ्याला हवा असेल.

प्रश्न : मी तासगाव तालुक्यातल्या एका पतसंस्थेत महिला राखीव जागेवर संचालक आहे. सभेत बोलले की चेअरमन म्हणतात, "वहिनी, तुम्ही हळदीकुंकवाचं बघा." दुसऱ्या संचालिकेच्या जागी तर तिचे पतीच येऊन बसतात. काय करावं?
– एक संचालिका

उत्तर : संचालकाच्या जागी दुसऱ्या कुणाला बसता येत नाही, नवऱ्यालाही नाही. ते गृहस्थ बसले असताना झालेल्या सभेच्या प्रोसिडिंगवर त्यांच्या पत्नीची सही असेल, तर ती खोटी हजेरी आहे आणि उद्या चौकशी लागली तर उत्तर त्या बाईला द्यावं लागेल. हे चेअरमनला सांगण्याआधी तिला सांगा. घरी जाऊन सांगा, ती एकटी असताना.

तुमच्याच शेजारच्या सातारा जिल्ह्यात, म्हसवडला, माणदेशी महिला सहकारी बँक आहे. तिचा अर्ज रिझर्व्ह बँकेनं आधी नाकारला होता, कारण सभासद होणाऱ्या बायका निरक्षर होत्या. बँकेच्या संस्थापक चेतना सिन्हा त्याच बायकांना घेऊन परत अधिकाऱ्यांपुढं गेल्या. कोणतीही रक्कम सांगा, व्याज तोंडी काढून दाखवतो, असं त्या बायकांनी म्हटलं. 1997 मध्ये बँक सुरू झाली. तुम्हाला तर लिहिता-वाचता येतं आणि तुम्ही निवडून आलेल्या आहात.

सहकार कायद्यानं संचालक मंडळात बायकांना दोन जागा राखून ठेवल्यात. एकवीस जणांत दोन म्हणजे काहीच नाही, असं मलाही पूर्वी वाटायचं. पण ठराव मांडायला सूचक एक लागतो आणि अनुमोदक एक. तेवढ्या तुम्ही दोघी आहात. पुढच्या सभेची विषयपत्रिका निघण्याआधी लेखी विषय द्या: एक लाखाच्या वरच्या थकबाकीदारांची यादी, संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांच्या कर्जांसह, सभेपुढं ठेवावी. सूचक म्हणून तुमचं नाव, अनुमोदक म्हणून तिचं. अर्जाची पोच घ्या, तारीख-शिक्क्यासह.