बोगनवेलीला बी का धरत नाही?

प्रश्न : आमच्या अंगणात ‘मिसेस बट’ ही किरमिजी बोगनवेल पंधरा वर्षं आहे. उन्हाळ्यात पान दिसू नये इतकी फुलते, पण बी एकदाही धरलं नाही. यंदा रोज सकाळी ब्रशने तिचेच पराग तिच्याच फुलांना लावले. खत कमी पडतंय का? – एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : खत मुळीच वाढवू नका, नुसता पाला माजेल आणि आहे तो बहरही जाईल. तुमची वेल संकरित आहे. ही जात 1910 साली कोलंबियातल्या कार्ताहेना इथल्या एका बागेत सापडली. ग्लाब्रा आणि पेरूव्हियाना या तिच्या जन्मदात्या जाती. दोघींकडून 17-17 अशी 34 गुणसूत्रं तिला मिळाली. वाढायला, फुलायला तेवढी पुरतात. घोटाळा होतो तो पराग तयार होताना. तेव्हा प्रत्येक गुणसूत्राला आपल्यासारखा जोडीदार हवा असतो आणि इथे दोन घरची मंडळी एकत्र आलेली. जोडी न जमलेली गुणसूत्रं वाटणीच्या वेळी मागे रेंगाळतात. एका पेशीत जास्त पडतात, दुसरीत कमी, आणि असे पराग निकामी ठरतात. बीजांडातही हीच वाटणी होते, म्हणून दुसऱ्या वेलीचे पराग आणूनही फारसा उपयोग नाही.

इथल्याच कॉलेजात प्रॅक्टिकल घेताना मी मुलांना हे आवर्जून दाखवायची. रंगीत पानांच्या मधली पांढरी नळी हे खरं फूल. त्यातला परागकोश काचपट्टीवर अ‍ॅसिटोकार्माइन या लाल रंगद्रव्याच्या थेंबात फोडायचा. सकस पराग गोल, टच्च भरलेले आणि लाल दिसतात. अशा संकराचे बहुतेक पराग फिके, सुरकुतलेले, आतून पोकळ. ते पाहिलं की मुलं एकदम गप्प व्हायची.

यावर उपाय निघाला तो लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत. 1970च्या दशकात तिथले वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. खोशू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोल्चिसीन हे वनस्पतींतून मिळणारं रसायन वापरून वांझ जातींची गुणसूत्रं दुप्पट केली. प्रत्येकाला हुबेहूब जोडीदार मिळाला आणि पराग पुन्हा सकस झाले. मला हे काम फार मोलाचं वाटतं. आपल्या कळलावीतही कोल्चिसीन असतं, पण ते जहाल विष आहे. घरी प्रयोग नको.

बी हवंच असेल तर सकस परागाच्या दोन वेगळ्या वेली लागतील, कारण बोगनवेल सहसा स्वतःचे पराग स्वीकारत नाही. हीच वेल वाढवायची असेल तर पावसाळ्यात पेन्सिलीएवढी जाड, वीतभर फांदी रेताड मातीत लावा.