'रिडेव्हलपमेंट होणार' म्हणून 80 लाख?

प्रश्न : मी आणि माझे मिस्टर दोघंही नोकरी करतो, हातात मिळून 1 लाख 15 हजार येतात. भांडुपला 22 हजार भाड्याने राहतो. 20 लाख साठले आहेत. इथेच एका जुन्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेला वन बीएचके 80 लाखांना मिळतोय. एजंट म्हणतो, रिडेव्हलपमेंट होणार आहे, म्हणजे जुनी इमारत पाडून नवी उभी राहणार, सोडू नका. मालकाला 8 लाख रोख हवेत. दुसरा पर्याय ठाण्यात, काम चालू असलेल्या टॉवरमध्ये, तोही 80 लाखांचा. हप्ता परवडेल असं वाटतं. कुठलं घ्यावं?
— एक वाचक, भांडुप

उत्तर : ताई, हप्ता परवडेल हे खरं. 64 लाखांचं कर्ज, 20 वर्षं, व्याज साडेआठ टक्के धरलं तर महिना साधारण साडेपंचावन्न हजार. ओढाताण होईल, पण निभेल. माझी सगळी नोकरी बँकेच्या गृहकर्ज विभागात झाली. हप्त्याचं गणित घरून करून येणारे पुष्कळ भेटत, पण पहिल्या दिवशी खिशातून किती जाणार हे मांडून आलेला विरळा.

ते आधी मांडू. 30 ते 75 लाखांच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच देते, म्हणजे 16 लाख तुमचे. मुंबईत मुद्रांक शुल्क 6 टक्के, म्हणजे 4 लाख 80 हजार. नोंदणी 30 हजार. एजंटचा एक टक्का धरला तर 80 हजार. झाले जवळजवळ 22 लाख, आणि अजून पंखासुद्धा लावलेला नाही. घर फक्त तुमच्या नावावर घेतलंत तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते, पण मग मालकी नसल्यामुळे मिस्टरांना व्याजावरची करसवलत मिळत नाही.

ठाण्याचा फ्लॅट आणखी महाग पडेल. तिथे शुल्क 7 टक्के, शिवाय बांधकाम चालू म्हणून 5 टक्के जीएसटी, म्हणजे नुसता जीएसटीच 4 लाख. एकूण 26 लाखांच्या घरात. आणि ताबा मिळेपर्यंत भाडं सुटत नाही. निम्मं कर्ज उचललं गेलं की नुसतं व्याजच महिना बावीस-तेवीस हजार, वर भाडं तेवढंच. नवी लिफ्ट, स्विमिंग पूल बघून जीव हरखतो, मलाही कळतं. पण हा पर्याय तुम्ही आज सोडून द्यावा.

आता ते 8 लाख रोख. करारात 72 लाख लिहिले की बँक 72 चेच 80 टक्के देणार, म्हणजे 57 लाख 60 हजार. मग तुमच्या खिशातले 16 लाख नाही, 22 लाख 40 हजार लागतील. मुद्रांक शुल्कात वाचणार फार तर 48 हजार, तेही रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारी दरपत्रकाचा, भाव 72 लाखांच्या आत असेल तर. उद्या तुम्ही घर विकाल तेव्हा ते 8 लाख खरेदीच्या किमतीत कुठेच दिसणार नाहीत. शिवाय घर-जमिनीच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेणं आयकर कायद्यात बसत नाही. मालकाला सरळ सांगा, आमचा सगळा व्यवहार चेकने.

राहिली रिडेव्हलपमेंट. भांडुप-मुलुंडमधल्या कुठल्याही जुन्या इमारतीबद्दल एजंट हेच सांगतो आणि त्या वाक्याचेच पैसे लावतो. तुम्ही सेक्रेटरींना गाठा. कन्व्हेयन्स, म्हणजे जमिनीची मालकी सोसायटीच्या नावे करणं, झालंय का? प्रॉपर्टी कार्डावर सोसायटीचं नाव आहे की अजून मूळ जमीनमालकाचंच? रिडेव्हलपमेंटचा ठराव सर्वसाधारण सभेत झाला असेल तर इतिवृत्त दाखवा म्हणावं. 2019 च्या शासन निर्देशांप्रमाणे विकासकाची निवड सहकारी संस्थांच्या निबंधकांच्या प्रतिनिधीसमोर व्हावी लागते आणि एकूण सदस्यांपैकी किमान 51 टक्क्यांची संमती लागते. यातलं काहीच नसेल तर रिडेव्हलपमेंट फक्त जिन्यात बोलली जातेय, आणि तिसरा मजला तुम्हाला रोज चढायचाय.

इमारतीला ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, आहे का, हेही तेव्हाच विचारा. नसेल तर कर्ज अडू शकतं. इमारत 30 वर्षांपुढची असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, अहवाल मागा. शेअर सर्टिफिकेट, आधीच्या सगळ्या खरेदीखतांची साखळी आणि मालकाचं या घरावरचं कर्ज फिटलंय की नाही, हे वकिलाकडून तपासून घ्या; हा खर्च वाचवू नका. पाणी किती वाजता येतं ते मात्र एजंटला नाही, खालच्या मजल्यावरच्या बाईंना विचारा.

माझं मत विचाराल तर 80 लाखांचं घर आज तुमचं नाही. 3 लाख आजारपणाला, अडीअडचणीला बाजूला ठेवले की उरलेल्या 17 लाखांत सगळा खर्च धरून 62 लाखांच्या आसपासचं घर बसतं. त्या भावात भांडुपला मिळालं नाही तर आणखी दोन वर्षं भाड्याने राहण्यात कमीपणा नाही. माहेर-सासरचे हातभार लावणार असतील तर गोष्ट वेगळी, पण ते पैसे परत करायचे आहेत का, हे आधीच स्पष्ट बोलून घ्या.

आणि हाच फ्लॅट भाव उतरवून मिळाला, तर टोकनचा चेक एजंटच्या नाही, मालकाच्या नावाने फाडा आणि 'कर्ज मंजूर न झाल्यास रक्कम परत' असं लिहून सही घ्या. किंमत 50 लाखांच्या वर असल्याने एक टक्का टीडीएस, म्हणजे मालकाच्या नावचा आयकर, त्याला द्यायच्या रकमेतून तुम्हालाच कापून भरायचाय. मालकाला हे पहिल्याच बैठकीत सांगून ठेवा, नाहीतर नोंदणीच्या दिवशी त्यावरून वाद होतात.