आक्रमण कुणावर, राजावर की घड्याळावर?

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले बुद्धिबळाचे डाव पटावर मांडून सावकाश पाहिले. 'माझी शैली आक्रमक आहे, पण रॅपिडमध्ये काय होतं कळत नाही,' असं लिहिलंयस. ब्लिट्झमध्ये, म्हणजे तीन-पाच मिनिटांच्या डावात, जिंकतोस आणि रॅपिडमध्ये वेळ वाढला की हरतोस, याचं उत्तर तुझ्याच डावांत आहे, पण तुला ते रुचणार नाही. तुझं आक्रमण बहुतेक वेळा समोरच्याच्या घड्याळावर असतं, त्याच्या राजावर नाही.

एच७ या घरावरचा उंटाचा बळीच बघ, म्हणजे हल्ल्यासाठी मुद्दाम उंट देणं. काळ्याने कॅसलिंग करून राजा कोपऱ्याकडे लपवला की तुझे हात शिवशिवतात. उंटाने एच७ मारून शह, राजाने उंट घेतला की जी५ वरून घोड्याचा शह, राजा जी८ वर परतला की वजीर एच५ वर, आणि एच७ वर मातीची धमकी. सतराव्या शतकात इटालियन खेळाडू ग्रेकोच्या हस्तलिखितात ही कल्पना आहे, त्यामुळे ती खोटी म्हणता येत नाही. पण ती फळते तेव्हा पांढऱ्याचं एक प्यादं बहुधा ई५ वर ठाण मांडून असतं आणि काळ्याच्या घोड्याला एफ६ हे घर मिळत नाही. तुझं प्यादं ई४ वरच होतं. डी७ वरचा घोडा आरामात एफ६ वर आला, एच७ राखलं आणि वर तुझ्या वजिरावर हल्ला! एका प्याद्यापायी उंट गेला. तीन मिनिटांच्या डावात समोरच्याला हा घोडा दिसतच नाही. पंधरा मिनिटं मिळाली की दिसतो. एवढाच फरक आहे.

तू मिखाईल तालचं, त्या आक्रमक खेळाडूचं, नाव घेतलंस, म्हणून सांगतो. १९६० साली बोटविनिकला हरवून तो जगज्जेता झाला. त्याचेही काही बळी नंतरच्या विश्लेषणात टिकले नाहीत, हे मान्य. पण त्याच्यासमोरच्या माणसाकडे विचार करायला तास होते, तरी उत्तर सापडत नव्हतं.

रेटिंगचं, म्हणजे खेळाडूची ताकद सांगणाऱ्या आकड्याचं, थोडक्यात. पन्नास-साठ गुण वरखाली होणं ही बातमी नाही. दोनशे गुणांनी वरचढ असलेल्या खेळाडूकडूनही अपेक्षा असते ती चार डावांत साधारण तीन गुणांची, म्हणजे खालचाही अधूनमधून गुण नेतोच. शिवाय लीचेस या संकेतस्थळावरचा आकडा चेस डॉट कॉमवरच्या आकड्याशी ताडून पाहू नकोस, दोन्हीकडची मोजपट्टी वेगळी आहे. आणि डावानंतर संगणक दाखवतो ती 'अचूकता' टक्क्यांत मिरवणं तर सोडच. समोरच्याने दहाव्या चालीला वजीर फुकट दिला की कुणाचीही अचूकता नव्वदच्या वर जाते.

मला खटकलं ते वेगळंच. वजिरांची अदलाबदल होऊ नये म्हणून तू चांगल्या स्थितीतूनही मागे सरतोस. याला शैली म्हणायचं नाही, ही अंत्यखेळाची, म्हणजे थोडेच मोहरे उरल्यावरच्या खेळाची, भीती आहे. तुझ्या एका डावात समोरच्याकडे हत्ती आणि प्यादं, तुझ्याकडे नुसता हत्ती उरला होता, तुझा राजा प्याद्याच्या पुढ्यात उभा, बरोबरी हातात, आणि तू हरलास. अशा वेळी बचावाची फिलिडोरची रीत एका संध्याकाळी शिकून होते. आपल्या बाजूने मोजलेल्या तिसऱ्या रांगेवर हत्ती धरून ठेवायचा, म्हणजे समोरच्या राजाला पुढे येता येत नाही. प्यादं त्याच रांगेत शिरलं की हत्ती पटाच्या पार दुसऱ्या टोकाला न्यायचा आणि मागून शह देत राहायचे. राजाला प्याद्याआड लपायला जागाच उरत नाही. हे येत असेल तर वजिरांची अदलाबदल करताना हात कापणार नाही, आणि बळी द्यायचा तो स्थिती मागते म्हणून देशील.

सध्या बुलेट, म्हणजे एक-दोन मिनिटांचे डाव, बंद. ब्लिट्झ खेळायचंच असेल तर थोडंसं, चवीपुरतं. बाकी पंधरा मिनिटं अधिक दर चालीला दहा सेकंद, दिवसाला एक डाव, जास्त नको. डाव संपल्या संपल्या इंजिन, म्हणजे स्टॉकफिशसारखा चाली तपासणारा संगणक-प्रोग्राम, लावू नकोस. स्टॉकफिश चूक दाखवेल, पण त्या क्षणी तुझ्या डोक्यात काय चाललं होतं ते त्याला कुठून कळणार?

पुढच्या वेळी फक्त हरलेले डाव पाठव. प्रत्येकात सर्वांत जास्त वेळ ज्या चालीवर गेला तिच्याशेजारी लिही, आणखी कोणत्या चाली पाहिल्यास आणि त्या का सोडल्यास. काहीच पाहिलं नसेल तर तसं लिही.

तुझा,
काका